पगडी, थेट मालकाकडून

भक्ती माने हिला शब्दांची अजिबात दयामाया नव्हती. बडोद्याच्या सयाजीगंजात, स्टेशनजवळच्या एका इमारतीत, ज्यूसच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर तिचं ऑफिस होतं आणि तिथं बसून ती दिवसभर शब्द पारखायची. कुठले शब्द? तर अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरांचे. ओहायोत कुणाची दाढ ठणकली आणि त्यानं इंटरनेटवर 'दाढदुखी' असं शोधलं, की निकालांच्या शेजारी भक्तीच्या डॉक्टरची छोटीशी जाहिरात उमटायची. नुसती उमटली तर फुकट. त्या माणसानं तिच्यावर क्लिक केलं, की डॉक्टरच्या खिशातून पैसे गेलेच. मग तो माणूस पुढं येऊन तोंड उघडो की न उघडो. म्हणून कुठल्या शब्दावरून गिऱ्हाईक येतं आणि कुठल्या शब्दावरून नुसते रिकामटेकडे, हे भक्ती बघायची. जो शब्द खातो पण देत नाही तो बंद. 'दात' हा अख्खा शब्दच तिनं बंद करून टाकला होता, कारण त्यावर क्लिक करणारी निम्मी मंडळी शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रं शोधणारी पोरं निघाली.

हे २००९ साल. बडोद्यात या कामाला काय म्हणतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भक्तीची आई शालिनीबाई शेजारणींना "कॉम्प्युटरमां छे" एवढं सांगून मोकळी व्हायची आणि शेजारणीही त्यावर समाधानानं मान डोलवायच्या.

माने मंडळींचं घर शहराच्या वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत. पूर्वज कधीकाळी गायकवाडांच्या घोडदळात होते. घोडं गेलं, तलवार गेली, पण डोक्यावरचं काही केल्या जाईना. भक्तीचे वडील सुभानराव यांनी सारी उमर एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली, आणि तिथंही दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना फेटे बांधले ते यांनीच. कारखान्यानं वेळेआधी निवृत्ती देऊ केल्यावर त्यांनी ती अशी घेतली, की जणू लॉटरीच लागली. घरी आले, पुढच्या खोलीत लाकडी ठोकळे मांडले, कापडाच्या पेट्या आणल्या आणि जाहीर केलं, "आता आपण पगड्या करायच्या. फेटे, साफे, सगळं. विकायचे आणि भाड्यानंही द्यायचे."

शालिनीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी आपलं जाहीर केलं.

"दिवाळीपर्यंत करा. दिवाळीपर्यंत यावर घर चालतं असं दिसलं तर माझं काही म्हणणं नाही. नाही दिसलं, तर पटेलसाहेबांचा वाघोडियाच्या कारखान्यातून निरोप आलाय. गेटवर टाइमकीपर पाहिजे त्यांना."

वाघोडियाचं नाव निघालं की सुभानरावांचा चेहरा उतरायचा. काम वाईट नव्हतं, पगारही बरा होता. पण काचेच्या खोपट्यात बसून कोण कधी आलं नि कोण कधी गेलं एवढंच बघायचं, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हे त्यांना सोसणारं नव्हतं. भक्तीला ते दिसत होतं. तिचा आबांवर इतका जीव होता, की ती भरकन बोलून गेली, "आबा, तुम्ही काही काळजी करू नका. मी तुमची जाहिरात लावते. दिवाळीला आईच तुम्हाला म्हणेल, नका जाऊ म्हणून."

इथपर्यंत सगळं छान होतं. भांडण लागलं ते शब्दांवरून.

"गुजराती लोक साफा म्हणतात, तर 'साफा' घेऊ," भक्ती म्हणाली. "लंडनवाल्यांसाठी 'टर्बन'. आपल्या लोकांसाठी 'फेटा'. बस."

"आणि पगडी?"

"पगडीवर कोण शोधणार, आबा?"

सुभानराव ठोकळ्यावरचं कापड तसंच सोडून उठले. "अगं, फेटा काय, कुणीही गुंडाळतं. साफा काय, मांडवाबाहेर उभं राहून पाच मिनिटांत बांधतात. पगडी ही पगडी आहे! तिला घाट असतो. या घरात पगडी होते आणि जाहिरातीत पगडी नाही? मग काढ माझं नाव त्यातून."

भक्तीनं 'पगडी' घेतला. रोमन अक्षरांत, पी-ए-जी-डी-आय. आणि मोठ्या हौसेनं त्याच अक्षरांत जाहिरात लिहिली: 'बडोद्याची शाही पगडी. वाजवी दर. मध्यस्थ नाही, थेट मालकाकडून. भाड्यानेही मिळेल.' लिहून झाल्यावर ती स्वतःवरच इतकी खूश झाली, की खाली जाऊन मोसंबीचा ज्यूस प्यायली.

पहिल्याच आठवड्यात 'पगडी'नं बाकीच्या सगळ्या शब्दांना मागं टाकलं. 'साफा'वर दोघंतिघं यायची, 'टर्बन'वर एखादा, 'फेटा' झोपलेला. आणि 'पगडी'वर नुसती झुंबड! आबांचा मोबाइल सकाळपासून वाजू लागला. आबा छाती फुगवून घरात फिरू लागले. "सांगितलं नव्हतं? लोकांना अजून कळतं."

त्या रविवारी भक्ती घरी होती. आबांचे दोन्ही हात कापडात, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला.

"हॅलो, मी दिग्विजय साळुंखे बोलतोय, मुंबईहून. ते पागडीची जाहिरात बघितली."

आता मुंबईचा माणूस 'पागडी' म्हणाला तरी आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गुजराती गिऱ्हाइकं 'पाघडी' म्हणतातच. बडोद्याच्या मराठी कानाला सगळं सारखंच.

"बोला बोला, केम छो! कुणाचं लग्न?"

"माझंच. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही फोन केलात यातच आलं. किती पाहिजेत?"

"एकच. लहान असली तरी चालेल."

"अहो, लहान कशाला? आयुष्यात एकदा घ्यायची. जरा ऐसपैस घ्या. आत्ता आहे का घरात एखादी?"

"आहे ना, आजोबांच्या वेळची. पण फार अडचण होते. शिवाय पावसात गळते."

"रंग गळतो?"

"रंग नाही हो, वरून गळते."

आबा मग धीर देत म्हणाले, "वरचा भाग खराब झाला असेल. तो बदलून देतो आम्ही. दोन दिवसांत."

"दोन दिवसांत?" तिकडचा आवाज भारावून गेला. "आणि... भाड्यानं घेतली तर?"

"तर दिवसाचं भाडं. सकाळी न्यायची, संध्याकाळी परत आणून द्यायची."



"संध्याकाळी परत द्यायची? मग काका, रात्री आम्ही झोपायचं कुठं?"

"झोपताना काढूनच ठेवायची असते हो!"

भक्तीच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. तिनं फोन हिसकावला, त्या बिचाऱ्या दिग्विजयला दोन प्रश्न विचारले, त्याची क्षमा मागितली आणि फोन ठेवून जमिनीवर बसकण मारली. तिला हसू आवरेना आणि हसता हसता रडूही येऊ लागलं. मुंबईत जुन्या चाळीतली खोली घ्यायची तर एक मोठी रक्कम आधी मोजावी लागते, मग नाममात्र भाड्यात पिढ्यान् पिढ्या राहता येतं. त्या रकमेला म्हणतात पागडी. दुकानाच्या पागडीची भाषा बडोद्याच्या बाजारातही चालते, पण ज्या घरात सकाळ-संध्याकाळ डोक्यावरचीच पगडी नांदते तिथं हे कुणाला सुचणार? रोमन अक्षरांत दोन्ही एकच. वर भक्तीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं 'मध्यस्थ नाही, थेट मालकाकडून, भाड्यानेही मिळेल'! मुंबईतला घरासाठी वणवण करणारा कुठला माणूस यावर क्लिक करणार नाही?

सोमवारी तिनं ऑफिस सुटल्यावर हिशेब मांडला. जाहिरातीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त 'पगडी'नंच गिळले होते आणि त्यावरून विकल्या गेलेल्या पगड्या शून्य. 'साफा' बिचारा मुकाट्यानं चार ऑर्डरी देऊन गेला होता. तरीही तिनं आबांसाठी म्हणून सगळे उपाय करून पाहिले. शोधात 'रूम', 'फ्लॅट', 'चाळ' असं काही असेल तर आपली जाहिरात दिसायलाच नको, असं तिनं यंत्राला बजावलं. पण माणसं नुसतं 'पगडी' एवढंच लिहून शोधायची. मग तिनं ते 'थेट मालकाकडून' खोडलं आणि 'लग्नासाठी खास पगडी' असं घातलं. तर फोन दुप्पट झाले. कारण ज्याला लग्नासाठी खोली पाहिजे असा अडलेला माणूस मुंबईत जितका आहे तितका दुसरा कुणीच नाही.

"आबा, हा शब्द काढावा लागेल," तिनं एका संध्याकाळी सरळ सांगितलं.

"काय काढावं लागेल?"

"पगडी."

सुभानरावांनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. "माझ्याच घरात, माझ्याच लेकीनं माझी पगडी उतरवायची?" ते म्हणाले. ते रागावले नव्हते, दुखावले होते. शब्द तसाच राहिला.

आणि गंमत अशी, की आबांना त्या फोनांचा त्रास नव्हताच. एव्हाना त्यांना कळलं होतं, की ही माणसं खोल्या शोधताहेत. पण समोरच्याला 'राँग नंबर' म्हणून ठेवून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "अरे भाई, आमच्याकडे खोली नाही, पगडी आहे, डोक्यावरची," असं सांगून झालं की ते विचारायचे, लग्न कुणाशी, मुलगी काय करते, आईची तब्येत कशी. पलीकडचा माणूस दलालांकडून दहा ठिकाणी हिडीसफिडीस झालेला असायचा. त्याला या बडोद्याच्या काकांशी बोलून इतकं बरं वाटायचं, की तो आठ दिवसांनी पुन्हा फोन करायचा. दिग्विजय तर ठरावीक झाला. त्याचं आणि दीप्तीचं लग्न ठरून तीन वर्षं झाली होती. दीप्तीच्या घरच्यांची अट एकच, आधी खोली. सुभानराव शालिनीबाईंना जेवताना सांगायचे, "दिग्विजयचं माहीमचं फिसकटलं." शालिनीबाई म्हणायच्या, "आधी तुमचं बडोद्याचं बघा." पण भाजी वाढता वाढता एक दिवस त्याच विचारून बसल्या, "त्या दीप्तीचं वय काय हो?"

भाद्रपदात भक्ती एकदा कामावरून लवकर परतली तर आतून आबांचा आवाज आला. "मुलगा हिऱ्यासारखा आहे, श्रीपतराव. निर्व्यसनी. पक्की नोकरी. घरात फक्त आई. तुम्ही एकदा बघून तर घ्या, मग हो म्हणा." भक्ती दारातच थिजली. आपल्याला न विचारता? तिचं अंग तापलं. चपला तिनं अशा काढल्या, की एक ओट्यावरून खाली गेली. रात्री जेवताना ती कुणाशी बोलेना. शालिनीबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती फुटली, "माझं लग्न परस्पर ठरवायला काय मी जड झालेय?" सुभानराव घास हातात धरून बघतच राहिले. मग खुलासा झाला. श्रीपतराव म्हणून एक म्हातारे गिरगावात खोली सोडून मुलाकडे नाशिकला चालले होते. खोली कुणा भल्या माणसाच्या हाती जावी अशी त्यांची इच्छा होती, घरमालकही राजी होता. तीच जाहिरात बघून त्यांनीही फोन केला होता. घ्यायला नव्हे, द्यायला. आणि आबांनी दिग्विजयचं स्थळ सुचवलं होतं.

शालिनीबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. भक्तीही हसली. पण मनात तिनं धसका घेतला. दिवाळी जवळ आली होती, आबा मुंबईच्या खोल्यांची सोयरीक जुळवत बसले होते, आणि प्रत्येक फोनामागं पैसे जात होते ते त्यांच्याच वाघोडियापासूनच्या सुटकेचे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं 'पगडी'च्या ओळीवर बाण नेला. अमेरिकेतल्या शेकडो शब्दांना तिनं डोळ्याची पापणी न हलवता बंद केलं होतं. इथं मात्र तिनं डोळे मिटले आणि शब्द बंद केला. आबांना सांगितलं नाही.

फोन थांबले. 'साफा'वरच्या ऑर्डरी येत राहिल्या, पण किरकोळ. कुणी ढीगभर साफे भाड्यानं न्यायचं आणि त्यातले काही चुरगळून, काही हळदीनं माखून परत आणायचं. तोटा थांबला, एवढंच. घर चालावं असं त्यात काही नव्हतं. आबा मधूनच मोबाइल उचलून रेंज बघायचे. एकदा तर त्यांनी शेजारच्या घरून स्वतःलाच फोन लावून पाहिला. भक्ती ते बघायची आणि काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची.

पाडव्याला शालिनीबाईंनी नवऱ्याला ओवाळलं आणि तबक खाली ठेवताना हळूच म्हणाल्या, "पटेलसाहेबांना मी हो कळवलंय." त्यात त्यांना काही आनंद नव्हता, आणि तो त्यांनी दाखवलाही नाही. सुभानरावांनी मान हलवली. हौस पुष्कळ झाली, म्हणाले. भक्तीला ते ऐकवेना. ती त्यांच्या मागोमाग पुढच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. शब्द मीच बंद केला, भाद्रपदातच केला, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

सुभानराव एका अर्ध्या झालेल्या पगडीची चुणी अंगठ्यानं बसवत होते. ते थांबले नाहीत.

"तू केलंस होय," ते म्हणाले. "बरं झालं. मला वाटलं, सगळ्यांना घरं मिळाली असतील."

भक्ती त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. आबांनी पगडी बाजूला ठेवली आणि तिचं डोकं थोपटत राहिले. थोपटता थोपटता सवयीनं मापही घेतलं असावं.

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या सकाळी फोन वाजला. यावेळी क्लिकबिक काही नव्हतं. नंबर तिकडं पाठच होता.

"काका! दिग्विजय! खोली झाली! श्रीपतरावांनी काल चावी दिली! मार्गशीर्षात लग्न आहे. तुम्ही, काकू, भक्तीताई, सगळ्यांनी यायचं. आणि काका, पगड्या तुमच्याच! मला, मामांना, वरातीतल्या सगळ्यांना. श्रीपतराव म्हणतात त्यांनाही पाहिजे. आता चाळीतले म्हणताहेत, आमच्या डोक्यांनी काय पाप केलंय?"

"किती?" आबांनी विचारलं. आकडा ऐकून ते ठोकळ्यावरच बसले.

त्यानंतर तीन दिवसांनी माहीमहून एकाचा फोन आला. मग परळहून. मग ठाण्याहून एका मुलीचा, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं नंबर दिला होता. ही सगळी आबांची श्रावण-भाद्रपदातली जुनी गिऱ्हाइकं. कुणाला दलालाकडून खोली मिळाली होती, कुणाला मामानं दिली होती, कुणी नाइलाजानं वसईला गेलं होतं. पण घर झालं आणि मुहूर्त निघाला, आणि पगडीचा विषय निघताच प्रत्येकाला एकच माणूस आठवला, जो तासभर बोलला होता आणि ज्यानं एक पैसा मागितला नव्हता.

भक्ती ऑफिसात 'पगडी'च्या बंद ओळीकडं बघत बसली. पडद्यावर अजून तेच होतं: खर्च भरपूर, विक्री शून्य. तिनं शब्दाला महिनाभराची मुदत दिली होती. ओहायोत दाढ दुखली की माणूस त्याच दिवशी खुर्चीत जाऊन बसतो. पण मुंबईत खोली शोधणारा माणूस आधी पागडी देणार, मग चावी घेणार, मग मुहूर्त काढणार आणि मग कुठं त्याला डोकं आठवणार. ते सगळे नवरदेवच होते! फक्त तीन महिने आधी आले होते. हे लक्षात आल्यावर ती खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, "शुं थयुं, बेन?" ती म्हणाली, "काही नाही रे, पगडी चालू केली."

ऑर्डरी पुऱ्या करायला सुभानरावांनी वाघोडियाकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. शालिनीबाईंनी हरकत घेतली नाही, पण 'जाऊ नका' असंही त्या म्हणाल्या नाहीत. लग्नसराई काय, पाण्यासारखी येते नि जाते, एवढंच म्हणाल्या. पुढच्या खोलीत मात्र रात्रंदिवस काम सुरू होतं आणि कापड ताणून धरायला दुसरं टोक पाहिजे म्हणून त्या स्वतःच बसायच्या. त्यांची ओढ सुभानरावांपेक्षा घट्ट आहे, हे लग्नानंतर एवढ्या वर्षांनी कळलं.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी गिरगावच्या चाळीतली गॅलरी नुसती फुलली होती. दिग्विजयच्या नव्या खोलीत खुर्चीवर एकेक जण येऊन बसत होता आणि सुभानराव त्याच्या डोक्यावर पगडी चढवत होते. एखादी चुणी सैल दिसली की नीट करत होते, मागं सरून डोळे बारीक करून बघत होते. श्रीपतराव नाशिकहून मुद्दाम आले होते. आपल्याच जुन्या खोलीत, आपल्या जुन्या खिडकीशी बसून त्यांनी पगडी चढवून घेतली आणि आरसा मागितला. तो आरसा त्यांनी मग कुणाला परत दिलाच नाही. बाहेर पोरं ओरडत होती, सनईची टेप अडकत होती, कुणीतरी कुणाची पगडी घेऊन पळालं होतं आणि भक्ती हसत त्याच्या मागं धावत होती. गॅलरीत तिला तिघांनी थांबवून विचारलं, "तुम्ही बडोद्याच्या पागडीवाल्यांच्या ना? खोली आहे का हो एखादी?" तिनं तिघांनाही विचारलं, "लग्न कधी आहे?" आणि तिघांचेही नंबर घेतले.

दीप्तीची आई शालिनीबाईंजवळ येऊन बसली. दोघींनी एकमेकींच्या साड्यांचं कौतुक केलं, मुलीच्या तीन वर्षांच्या थांबण्याचं दुःख सांगून झालं. मग तिनं सहज विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

निवृत्तीपासून या प्रश्नाला शालिनीबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: कारखान्यात होते. भक्ती जवळच उभी होती, तिनं ते उत्तर इतक्यांदा ऐकलं होतं, की तिनं लक्षही दिलं नाही. पण शालिनीबाई खोलीत बघत होत्या. सुभानराव नवरदेवासमोर उभे होते. दिग्विजयचे डोळे भरले होते आणि सुभानराव त्याची हनुवटी वर उचलून म्हणत होते, "मान ताठ, बेटा. आता ही सांभाळायची."

"पगड्या करतात," शालिनीबाई म्हणाल्या. "फार छान करतात."

मग त्यांनी भक्तीच्या हातातला मोबाइल घेतला, पदर सावरला आणि तिथंच, त्या गलक्यात, एका कानात बोट घालून पटेलसाहेबांचा नंबर लावला. "हॅलो, पटेलसाहेब? हुं शालिनीबेन माने," त्या ओरडून म्हणाल्या. "ए नहीं आवे. हां, हां, नहीं आवे. गेट पर बीजा कोईने राखी लो. एमने बहु काम छे!"